माफीचा सातवा ठराव

१२ जानेवारी, रविवार

आमच्या सिंगापूरच्या मंडळाची वार्षिक सभा झाली. तोआ पायोहची तीच खोली, तोच खरखरणारा माइक, वहिनींचे तेच पोहे. दादांनी आठ वर्षांनी अध्यक्षपद सोडलं. सोमकुवर नवे अध्यक्ष, मी सचिव. मी नको म्हणत होते, पण दादा म्हणाले, "सुजाता, तू नाही म्हटलंस तर मी या खुर्चीवरून उठतच नाही." सगळे हसले आणि मी गपचूप हो म्हटलं.

भाषणात दादांनी माझ्या मुलाखतींचं कौतुक केलं. सहा वर्षांत तेवीस. मुलांकडे व्हिजिट पासवर येणारे आईवडील, दिवसभर ब्लॉकखालच्या बाकावर बसून असतात, त्यांना बोलतं करून रेकॉर्ड करते मी. दादा म्हणाले, हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. मला फार बरं वाटलं, लपवायचं काय त्यात.

शेवटी दादा दरवर्षीसारखे हात जोडून उभे राहिले. "कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा." दरवर्षी आम्हीही हात जोडतो आणि चहाकडे वळतो. यंदा त्यांनी खिशातून कागद काढला. म्हणाले, या वेळी ठरावच करू, म्हणजे नवे लोक मोकळेपणाने काम करतील, जुनं उकरत बसायला नको. ठराव सातवा. वाचून दाखवला. मी नीट ऐकला का? नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि मैत्रेयी मागून खुणा करत होती, घरी कधी जायचं म्हणून. "अनुमोदन सुजाताने द्यावं अशी माझी इच्छा आहे." उभी राहिले, म्हटलं, "अनुमोदन." टाळ्या. सर्वानुमते मंजूर.

येताना मैत्रेयी एमआरटीच्या गाडीत: "मम्मी, व्हाय यू क्राय? ही नॉट डाइंग, व्हॉट."

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी सेम्बावांगला गाडीत बसायला जागा मिळाली, म्हणून ऑफिस येईपर्यंत सभेचं इतिवृत्त लिहून काढलं. सातव्या ठरावाचा कागद दादांनी दिलाच होता. जसाच्या तसा उतरवला:

"मावळत्या कार्यकारिणीने व कार्यकर्त्यांनी गेल्या आठ वर्षांत मंडळाच्या कामात कळत-नकळत केलेल्या, उघड झालेल्या वा पुढे उघड होणाऱ्या सर्व चुकांबद्दल ही सभा त्यांना क्षमा करीत आहे. त्याबाबत यापुढे कोणतीही चौकशी होणार नाही."

खाली नऊ नावं. पाचवं माझं.

"पुढे उघड होणाऱ्या" इथे जरा अडखळले. माझी नोकरीच जहाजांचे तपासणीचे कागद बघायची. असा कागद टेबलावर आला असता तर परत पाठवला असता. कोणती चूक, कधीची, पाहिली कुणी? तपासणीआधीच शेरा कसा? पण हा दादांचा कागद. वकिली भाषेची त्यांना हौस आहे, एवढंच वाटलं. टाइप करून ग्रुपवर टाकला. बारा अंगठे आले.

२१ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये भांडण. अमेरिकेच्या मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी जाता जाता स्वतःच्या भावाबहिणींना आणि काही अधिकाऱ्यांना आगाऊ माफी दिली. खटला नाही, आरोप नाही, आणि माफी आधीच. हुई मिन (माझ्या शेजारच्या टेबलवाली, दहा वर्षं आम्ही रोज एकत्र जेवतो) म्हणाली, "नेव्हर डू एनीथिंग, देन पार्डन फॉर व्हॉट?"

मी तावातावाने बाजू घेतली. येणारा माणूस सूड घेणार हे दिसतंय, तर घरच्यांना उघड्यावर सोडून जायचं? निर्दोष माणसालाही चौकशीत पाच-सहा वर्षं पिळतात. आणि माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली समजू नका, असं त्यांनी पत्रकात लिहिलंच आहे.

हुई मिन: "यू हॅव टू राइट दॅट, मीन्स एव्हरीबडी थिंकिंग दॅट, लाह."

मला राग आला. म्हटलं, आमच्या मंडळात परवाच असा ठराव झाला, आणि आमचे दादा देवमाणूस आहेत. ती फिशबॉल चावत म्हणाली, ओके, ओके. तिचं ते ओके दुपारभर डोक्यात राहिलं.

संध्याकाळी अविला सांगितलं. नवरा असून माझी बाजू घेईल तर शपथ. म्हणाला, "माफी देणाऱ्याचं काय गेलं? ज्याचं काही गेलं त्याने द्यायची असते ती." म्हटलं, भाजीत मीठ बघ आधी.

२४ जानेवारी, शुक्रवार

हुई मिनने आज दुसरी बातमी आणली. नव्या राष्ट्राध्यक्षांनी आल्या आल्या आपल्या माणसांना माफ्या वाटल्या, त्यातल्या एका बाईने माफी घ्यायला नकार दिला म्हणे. मी चूक केली होती, मला नको, असं म्हणाली. माफी नाकारता येते हे मला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीपासून कपाट आवरलेलं नाही. उद्या करायचं. मैत्रेयीची स्पेलिंग टेस्ट सोमवारी.

२५ जानेवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी दहाला नितीनचा फोन. आमच्याच मंडळातला, पलीकडच्या ब्लॉकमधला, घरच्यासारखा. नेहमी "ताई, जयभीम" म्हणून सुरुवात करतो. आज नाही. "तुम्हाला ठाऊक होतं ना?" एवढंच. मग एक लिंक पाठवली.

पुण्याचं कुठलंसं ऑनलाइन चॅनेल. परदेशातल्या आपल्या लोकांवर मालिका. पहिल्याच भागात दादा कोट घालून बसलेत, प्रस्तावना करतायत. आणि मग आवाज. कौतिकामावशीचा. नितीनच्या आईचा. मी रेकॉर्ड केलेला. मागे बुलबुल ओरडतोय तोसुद्धा माझ्या ब्लॉकखालचा.

"पोरगी निजेल होती. उठली असती तं मी गेली नसती."

खाली पट्टीवर तिचं पूर्ण नाव. गावाचंही.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. अवि दार वाजवत होता.

२६ जानेवारी, रविवार

ते सगळं कागदावर यायला हवं, म्हणजे डोकं शांत होईल.

पाच वर्षांपूर्वी मावशी इथे तीन महिने होती. बाकावर बसून माझ्याशी बोलायची. चिखलीजवळचं गाव. दोन मुलाखती साध्या झाल्या, शेत, शाळा, दीक्षेच्या वर्षी गावात काय झालं ते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आज मशीन लावजो, एक गोष्ट हाये. तेराव्या वर्षी पहिलं लग्न. मार. सतराव्या वर्षी ती पहाटे निघून आली, दोन वर्षांची पोरगी तिथेच झोपलेली. नेली असती तर ते मागावर आले असते. नंतर दुसरं लग्न झालं, नितीन झाला. नितीनला यातलं काहीच ठाऊक नाही. त्या मुलीला परत कधी पाहिलं नाही.

मी विचारलं, मावशी, हे कुणाला ऐकवायचं? म्हणाली, "मी हाये तोवर कोनालेच नाही. मी गेल्यावर नितीनले." मी तसंच कागदावर लिहिलं, तिने सावकाश सही केली. माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, शब्द देते.

आणि तो शब्द मी कुठे ठेवला? मंडळाच्या कपाटात. सगळ्या तेवीस जणांच्या एका डिस्कवर, कारण वेगळी डिस्क आणायचा कंटाळा केला. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक दादांकडे. दादांकडे आहे म्हणजे घरातच आहे, असं वाटायचं मला.

दादांना फोन तीनदा. उचलला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

दादांचा फोन आला, मी ऑफिसात. जिन्यात जाऊन बोलले. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसला असेल, चॅनेलवाल्यांनी फसवलं असेल. आवाज अगदी शांत.

"नावं काढायला सांगितली होती मी. राहिली असतील. नितीनला जरा समजाव तू, तुझं ऐकतो तो."

म्हटलं, दादा, तुम्ही डिस्क दिलीत?

"समाजाचा ठेवा आहे, कपाटात कुजवायचा का?"

म्हटलं, सभेत हा विषय घ्यावा लागेल. तर म्हणाले, "कसा घेणार? ठराव झालाय ना. तूच अनुमोदन दिलंस. आणि तुझंही नाव आहे त्यात, तू काळजी करू नको."

तू काळजी करू नको. हे ते मला तेरा वर्षं म्हणत आलेत. मी सिंगापूरला नवी आले तेव्हा, आडनाव ऐकून खोली नाकारली गेली तेव्हा, प्रत्येक वेळी. तेच वाक्य आज ऐकलं आणि फोन कट केला. जिन्यातच बसले. हुई मिन शोधत आली, पाण्याची बाटली दिली.

२९ जानेवारी, बुधवार

चायनीज न्यू इयर, दोन दिवस सुट्टी. खाली सिंहनाचाचे ढोल. मी मंडळाची मेलपेटी उघडून बसले. सचिव म्हणून पासवर्ड दादांनीच दिलाय, सभेच्या दिवशी, चिठ्ठीवर लिहून. आत काय आहे ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. की वाटलं असेल, सुजाता आपल्या मागे बघणार नाही.

नोव्हेंबर. चॅनेलचं पत्र: आपल्यासारख्या व्यक्तिमत्त्वाने मालिकेचं सूत्रसंचालन करावं. दादांचं उत्तर: आनंदाने, माझ्याकडे साहित्य आहे.

४ जानेवारी. चॅनेल: भाग तयार होतायत. काही मुलाखती फार खाजगी वाटतात. या सर्वांची संमती आहे ना?

५ जानेवारी. दादा: "सर्वांच्या लेखी संमती आहेत. आमच्या कार्यकर्त्या सुजाता यांनी त्या स्वतः घेतल्या आहेत."

१२ तारखेला सभा.

म्हणजे त्यांना आठवडाभर आधी ठाऊक होतं. कुठे काय फुटणार ते ठाऊक असलेला एकच माणूस त्या खोलीत होता, आणि तोच हात जोडून उभा होता. आणि ते अनुमोदन! माझ्यावरच्या मायेने नव्हतं मागितलं ते. उद्या बोलणारी एकटी मीच होते, म्हणून माझ्याच तोंडून.

किती मूर्ख आहे मी. रडलेसुद्धा होते.

३० जानेवारी, गुरुवार

तोआ पायोहला दादांकडे गेले. न कळवता. सुट्टीचे दिवस म्हणून वहिनींनी दोन संत्री हातात दिली, इथली रीत त्यांनी कधीच उचललीय. त्यांना काही ठाऊक नसावं. की असावं. आता कुणाचंच सांगता येत नाही.

दादा बनियनवर टीव्ही बघत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं. पाच तारखेला माझं नाव का लिहिलंत?

"सह्या तूच घ्यायचीस ना?"

"घेतल्या. ऐकवू नका म्हणून घेतल्या. तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, म्हणून तर यादीत तुझं नाव घातलं. उद्या कुणी तुझ्याकडे बोट दाखवलं तरी तुला काही होणार नाही. माझ्याआधी तुझा विचार केला मी."

"माझ्याकडे बोट दाखवण्यासारखं मी काय केलं, दादा?"

दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मग परत वाढवला.

त्यांना घालूनपाडून बोलायचं ठरवून गेले होते. जमलं नाही. समोर बसलेला माणूस तोच, बाबा वारले त्या सकाळी माझ्यासोबत चांगी विमानतळावर आलेला. मी घरच्या कपड्यांवरच निघाले होते, त्यांनी स्वतःचं जॅकेट काढून मला घातलं आणि शर्टावर तिथल्या एसीत कुडकुडत चेक-इनच्या रांगेत उभे राहिले. ते जॅकेट अजून माझ्याकडे आहे. परत करायला नेलं असतं तर बरं झालं असतं, हा विचार लिफ्टमध्ये आला.

संत्री पिशवीत तशीच.

१ फेब्रुवारी, शनिवार

नितीन खाली बाकावर भेटायला आला. वर यायला नाही म्हणाला. ज्या बाकावर मावशी बसायची, नेमका तोच.

"पाच वर्षं, ताई. आमच्याकडे जेवायला येत होतात. माझ्यासमोर बसून. मला एक बहीण आहे, साठीला आलेली असेल, आणि हे मला मोबाईलने सांगितलं. रूपालीला ऑफिसातल्या बाईने विचारलं, तुझ्या सासूचीच गोष्ट ना."

म्हटलं, आईने सांगू नको म्हटलं होतं.

"मग राखायचं होतं ना."

 चुकले एवढं म्हटलं. त्याने मान हलवली, माफ केलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

आईशी बोललास का विचारलं. गेल्या रविवारी फोन केलाच नाही म्हणाला. काय बोलू, तिला ठाऊक तरी आहे का, हे बाहेर आलंय ते? तिच्याकडे साधा फोन. गावात अजून कुणी सांगितलं नसेल तर तिला हेच कळत नसेल की पोरगा का रुसलाय.

मी दादांवर एवढी चिडलेय, आणि नितीनच्या हिशेबी आम्ही दोघं एकाच बाजूला. यादीही एकच. दादा पहिले, मी पाचवी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चॅनेलला मावशीच्या सहीचा कागद पाठवला. तासाभरात भाग काढला त्यांनी, दिलगिरीचं पत्रही आलं. पत्र लिहिणाऱ्या मुलीचं वय पंचवीसच्या आसपास असेल. लिहिते, मॅडम, आम्हाला संमती आहे असं सांगितलं होतं. तिचा काय दोष.

काढला खरा. पण ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकला.

सोमकुवरांना सांगितलं, रविवारी खास सभा बोलावतेय. म्हणाले, सुजाताताई, कशाला, ठराव झालाय, मंडळ फुटेल. म्हटलं, फुटू द्या. मग म्हणाले, चहापाण्याचं मी बघतो. भला माणूस आहे, पण कणा चहात बुडवलेल्या बिस्किटाचा.

९ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. आत्ता दुपार आहे, अविने मैत्रेयीला खाली नेलंय. आठवतंय ते लिहिते.

मेल वाचून दाखवल्या. दादा पहिल्या रांगेत, हात छातीवर बांधून. वहिनी आल्या नव्हत्या. वाचून झालं. मग सगळे एकदम.

एक जण म्हणाला, अमेरिकेत एवढे मोठे लोक देतात, आपण दिली तर काय बिघडलं. दुसऱ्याचं म्हणणं, प्रत्येक नव्या कार्यकारिणीने जुन्यांच्या मागे चौकशी लावली तर उद्या मंडळात काम करायला येणार कोण? रविवार घालवून वर शिव्या खायच्या? (हे खोटं नाही. मीही हुई मिनला हेच म्हणत होते.) पाटील काकू म्हणाल्या, त्यांनी आठ वर्षं केलं, एक चूक पोटात घालायची नाही का. टाळ्यासुद्धा झाल्या थोड्या.

मी म्हटलं, घाला ना पोटात. पण नुकसान झालं कुणाचं? कौतिकामावशीचं. तिचं काय गेलं ते आपल्याला कळलंही नाही आणि आपण सगळ्यांनी मिळून माफ करून टाकलं. आपलं काय गेलं होतं? पोहे खात होतो आपण. आवाज चढला माझा, चढू दे.

मग म्हटलं, माझं अनुमोदन मी परत घेते. सोमकुवर म्हणाले, मंजूर ठरावाचं अनुमोदन परत घेता येत नाही. बरं, मग यादीतून माझं नाव काढा. म्हणाले, तशी तरतूद नाही. म्हटलं, मला ही माफी नको. डिस्क मी कपाटात ठेवली, शब्द मी दिला होता, मला विचारा काय विचारायचं ते. नाव राहिलं तर माझ्या मुलीला वाटेल, आईने काहीतरी केलं असेल म्हणूनच नाव आहे.

तेव्हा मागून नितीन उठला. तो आलाय हे मला ठाऊकच नव्हतं. "त्या दिवशी टाळ्या मीही वाजवल्या होत्या," म्हणाला. "माझ्याच आईचं होतं ते, आणि मी टाळ्या वाजवल्या." बसला. 

दादा शेवटी एवढंच म्हणाले, "लोकांना वाटतं मी पळतोय. मी फक्त शांतपणे जायचं बघत होतो." क्षणभर मला त्यांची दया आली. खोटं का लिहू.

निर्णय: विषय पुढच्या सभेत. ज्याला काही ठरवायचं नसतं तो सगळं पुढच्या सभेत ठेवतो. पण इतिवृत्त मी लिहिते. सातव्या ठरावाखाली माझ्या हाताने लिहिलं: "सचिव सुजाता यांनी ही क्षमा स्वीकारलेली नाही." तरतूद असो नसो.

दारात चपला घालताना दादा माझ्या शेजारी होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं उभं केलं तुला." मी म्हटलं, हो दादा. दुसरं काय म्हणणार, खरंच होतं ते. ते बक्कल लावत राहिले, मी निघाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पौर्णिमा. घरीच वंदना घेतली, आम्ही तिघं. काया, वाचा, मन या तीन दारांनी झालेल्या अपराधांची क्षमा मागायची ते येतं ना, लहानपणापासून म्हणतेय, पाठ आहे म्हणून अर्थाकडे लक्ष जात नाही. आज गेलं. त्यात मागणारा खाली वाकलेला असतो. मान्य झालं असं कुठेच येत नाही. ठराव नाही, अनुमोदन नाही.

मैत्रेयीने विचारलं, "सो मम्मी, दादा आजोबा बॅड गाय नाऊ?" म्हटलं, नाही. "देन यू फ्रेंड्स ऑर नॉट?" अवि म्हणाला, आधी जेव. 

ऑफिसात आज एका जहाजाचा कागद तीनदा परत पाठवला. हुई मिन म्हणाली, पुअर कॅप्टन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून धीर होत नव्हता. दादांनी निस्तरावं, नितीनने सांगावं, चॅनेलने सांगावं, असं करत तीन आठवडे गेले. शब्द मी दिला होता. साडेअकराला, तिकडचे नऊ, फोन लावला. चौथ्या घंटेला उचलला.

"कोन?"

"मावशी, सुजाता. सिंगापूरहून."

"हां बाई, जयभीम. नितीनले बरं नाही का? तीन आइतवार झाले, फोन नाही त्याचा."

सांगितलं सगळं. आडपडदा न ठेवता. की तुमचं ते बोलणं बाहेर गेलं, लोकांनी ऐकलं, नितीनने ऐकलं. की मी नीट जपलं नाही. दादांचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, घेतलं, पण आधी माझं घेतलं. मग म्हटलं, मावशी, मला माफ करा.

बराच वेळ पलीकडे भांडं घासल्याचा आवाज. मग थांबला.

"कोनतं बोलनं?"

म्हटलं, ते. पोरीचं.

"त्यात काय काय बोलली मी?"

"सगळंच, मावशी."

"पाच वर्सं झाले. मले याद नाही मी काय सांगतलं अन् काय नाही." मग म्हणाली, "हाये का तुह्याजवळ? लाव. मले आयकू दे आधी. लोकायनं आयकलं, पोरानं आयकलं, मीच नाही आयकलं. आयकल्यावर सांगतो तुले, माफ करायचं का नाही ते."

लावलंय. फोन टेबलावर, शेजारी रेकॉर्डर, आवाज पूर्ण. एकोणपन्नास मिनिटांचं आहे. इथे बसून हे लिहितेय कारण दुसरं काय करावं कळत नाही. अवि दारात येऊन उभा राहिला, मी हाताने जा म्हटलं. तो बुलबुल ओरडतोय रेकॉर्डिंगमध्ये, आणि खिडकीबाहेरही एक ओरडतोय.

पोरगी निजेल होती, तो भाग आत्ताच गेला. पलीकडून श्वास ऐकू येतो मधूनमधून.

अजून बारा मिनिटं आहेत. फोन तिने ठेवलेला नाही.